क्लाउडची नोकरी, जर्मनी आणि चौथीचे प्रगतिपुस्तक

म्युनिकमधील एका कंपनीचा क्लाउड इंजिनिअरच्या पदाचा प्रस्ताव हातात असताना पत्नी आणि तिसरीत शिकणाऱ्या मुलीसह जर्मनीला यावे का, असा तुमचा प्रश्न आहे. या क्षेत्रात परदेशी काम करणाऱ्या बऱ्याच जणांशी तुम्ही बोललात. सर्वांनी कुबरनेटिस पक्के करा, टेराफॉर्म शिका (दोन्ही क्लाउड चालवण्याची साधने), एखादे वरच्या पातळीचे प्रमाणपत्र मिळवा, असेच सांगितले, आणि तरी काहीतरी सांगायचे राहून जाते आहे असे तुम्हाला वाटते. तुमचा अंदाज खरा आहे. मीही रविवारी दुपारी अनेकांशी अशीच अर्धा तास बोलले आहे आणि मीही हेच सांगितले आहे, कारण ते खरे असते, उपयोगी असते आणि सांगताना आपल्याला कोठेही दुखत नाही.

ब्लू कार्डासाठी, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांच्या निवास परवान्यासाठी, पगाराची अट किती, पदवीची तुल्यता कोठे तपासायची, अर्जाला कोणती कागदपत्रे जोडायची, हे सरकारी संकेतस्थळांवर इंग्रजीतही व्यवस्थित दिलेले आहे. त्याची उजळणी मी करणार नाही.

प्रमाणपत्राचा मुद्दा आधी निकाली काढते. ॲमेझॉनचे प्रमाणपत्र तीन वर्षे चालते, मायक्रोसॉफ्टचे बहुतेक एका वर्षाने पुन्हा ताजे करावे लागते. सल्लागार कंपन्यांना त्यांचे मोल असते, कारण क्लाउड कंपनीची भागीदार म्हणून वरची श्रेणी मिळवायची तर प्रमाणपत्रधारक कर्मचाऱ्यांची ठरावीक संख्या दाखवावी लागते. स्वतःचे उत्पादन चालवणाऱ्या कंपनीत मला मुलाखतीत त्याबद्दल कोणी एक शब्द विचारला नाही. तेथे विचारले गेले ते असे: तुमच्या हाताखालून गेलेला एखादा मोठा बिघाड सांगा, आणि त्यात तुम्ही स्वतः कोणता निर्णय घेतला ते सांगा. आपल्याकडच्या मोठ्या सेवा कंपन्यांत वाढलेली माणसे येथे अडखळतात. ‘आम्ही यंत्रणांचे क्लाउडवर स्थलांतर केले’, ‘आम्ही खर्च कमी केला’ असे आपण सहज बोलतो आणि समोरचा माणूस शांतपणे पुन्हा विचारतो की त्यातले तुमचे काय. तयारी करायची असेल तर कंपन्यांनी स्वतः जाहीर केलेले बिघाडांचे वृत्तान्त वाचा. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी एका चुकीच्या आज्ञेमुळे ॲमेझॉनच्या एसथ्री या फायली साठवण्याच्या सेवेचे नको तितके सर्व्हर बाजूला झाले आणि अर्धे इंटरनेट काही तास लंगडे झाले. त्याच वर्षी जानेवारीच्या अखेरीस गिटलॅब या प्रोग्रामचा कोड साठवणाऱ्या सेवेच्या एका अभियंत्याने चुकीच्या यंत्रावरचा विदा (डेटा) पुसला आणि कंपनीने दुरुस्तीचे काम सर्वांना थेट पाहू दिले. या दोन्ही वृत्तान्तांत कोणाचेही नाव घेऊन दोष दिलेला नाही, व्यवस्थेत काय कमी होते ते सांगितले आहे. मुलाखतीत तुमच्याकडून तशाच प्रकारच्या बोलण्याची अपेक्षा असते.

आता जे सहसा सांगितले जात नाही त्याकडे येते. आपल्या कामाचे साधन जगभर एकच आहे. फ्रँकफुर्टचा ॲमेझॉनचा रीजन, म्हणजे तेथील डेटा सेंटरांचा समूह, २०१४ पासून चालू आहे. तो समोरच्या इमारतीत बसून चालवला काय किंवा दुसऱ्या खंडातून चालवला काय, पडद्यावर तीच बटणे दिसतात. त्यामुळे क्लाउडवाल्या माणसाला असे वाटते की आपले कौशल्य पेटीत भरून कोठेही नेता येते. साधन खरोखर नेता येते. पण अनुभव आठ-दहा वर्षांच्या पुढे गेला की आपल्याला पगार मिळतो तो साधनासाठी नव्हे, तर बैठकीत बसून इतरांना पटवण्यासाठी, आणि ती क्षमता माझ्यासोबत विमानातून आली नाही.

एक उदाहरण देते. जर्मनीत कर्मचाऱ्यांनी निवडलेले एक मंडळ असते, बेट्रीब्सराट. कर्मचाऱ्याच्या वागणुकीवर किंवा कामगिरीवर लक्ष ठेवता येईल अशी कोणतीही तांत्रिक यंत्रणा बसवायची असेल तर कायद्याने या मंडळाची संमती लागते. आपल्या दृष्टीने साधी असलेली लॉग (यंत्रांच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) गोळा करण्याची व्यवस्था, कोणी कोणत्या वेळी काय बदलले याची नोंद, ऑन-कॉलचे, म्हणजे बिघाड झाला तर कोणी केव्हा धावून यायचे त्याचे, वेळापत्रक, मध्यरात्री कोणी किती वेळात फोन उचलला याचा आलेख, हे सगळे त्यात येते. शिवाय रोजचे काम संपल्यानंतर सलग अकरा तासांची विश्रांती कायद्याने बंधनकारक असल्यामुळे, रात्री दोन वाजता अलार्म वाजून तुम्ही तासभर काम केले तर विश्रांतीचे घड्याळ बहुतेक ठिकाणी पुन्हा शून्यापासून सुरू होते आणि सकाळची नऊची बैठक आपोआप बाद होते. हा नियम मला फार आवडतो. परंतु तो आपल्या वेळापत्रकात कसा बसवायचा याची चर्चा जर्मनमध्ये चालते, आणि ती चर्चा जो करतो तोच पुढे आर्किटेक्ट, म्हणजे यंत्रणांची रचना ठरवणारा, होतो.

आमच्याकडे तसेच झाले. नव्या निरीक्षण यंत्रणेची रचना माझी होती, ती चालवलीही मीच. मंडळासमोर ती समजावून सांगायला माझा एक सहकारी गेला, कारण त्याची भाषा जर्मन आहे. वर्षभराने वरचे पद त्याला मिळाले. तो लायक नव्हता असे मी म्हणू शकत नाही. त्याने ते काम खरोखर चांगले केले होते, आणि ते काम यंत्रणा उभारण्यापेक्षा कमी अवघड नव्हते. मला मात्र तेव्हापासून ‘तांत्रिक बाजू हिच्याकडे आहे’ असे कौतुकाने म्हटले की बरे वाटत नाही.

ग्राहकांशी होणाऱ्या बोलण्याचेही असेच आहे. विदा अमेरिकेच्या आवाक्यात जाईल का, हा येथे केवळ वकिलांचा प्रश्न नाही. युरोपीय न्यायालयाने १६ जुलै २०२० रोजी अमेरिकेशी असलेली ‘प्रायव्हसी शील्ड’ ही विदा तिकडे पाठवण्याची व्यवस्था रद्द ठरवली तेव्हापासून क्लाउडवरच्या प्रत्येक स्थलांतराच्या पहिल्या बैठकीला विदासंरक्षण अधिकारी हजर असतो. २०२३ मध्ये नवी व्यवस्था आली तरी त्याची खुर्ची हललेली नाही. त्याच्याही आधी मायक्रोसॉफ्टने केवळ जर्मनीसाठी वेगळा क्लाउड उभारून त्यातल्या विदाची राखण एका जर्मन कंपनीकडे सोपवली होती; तो २०२१ मध्ये बंद झाला. हा इतिहास माहीत असलेला आणि तो समोरच्याच्या भाषेत मांडू शकणारा अभियंता येथे दुर्मीळ आहे. तुम्हाला शिकण्यासाठी एकच गोष्ट निवडायची असेल तर चौथ्या प्रमाणपत्राऐवजी ही निवडा.

नोकरीच्या सुरक्षिततेबद्दल तुम्ही ऐकले आहे ते अर्धे बरोबर आहे. पहिले सहा महिने सहसा परीक्षेचे असतात आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या सूचनेवर नोकरी जाऊ शकते. त्यानंतर, कंपनी अगदीच लहान नसेल तर, संरक्षण भक्कम असते. तरीही कंपनीने पदे कमी केली तर कोणाला आधी सोडायचे हे ठरवताना नोकरीचा कालावधी, वय, अवलंबून असलेली माणसे आणि गंभीर अपंगत्व यांचा विचार करावा लागतो. नुकताच आलेला, तरुण माणूस या मोजणीत खाली राहतो. २०२३ च्या सुरुवातीला मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांनी हजारोंनी माणसे कमी केली तेव्हा ही मोजणी आमच्या ओळखीच्या घरांत अचानक फार जणांना पाठ झाली.

कागदपत्रांवर फार लिहायचे नाही असे ठरवले होते, पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. घराचा करार झाल्याशिवाय पत्त्याची नोंद होत नाही, नोंद झाल्याशिवाय कर क्रमांक येत नाही, आणि घरमालक करार करण्याआधी या देशातली तुमची आर्थिक पत दाखवा म्हणतो, जी तुम्हाला अजून मिळालेलीच नसते. हे चक्र कसेबसे फिरते. त्याहून त्रासदायक आहे ते कार्डाचे नूतनीकरण. मुदत संपत आली, भेटीची वेळ मिळाली नाही, की एक घडी घातलेला तात्पुरता कागद देतात. तो कायद्याने पुरेसा असतो. मी तो कागद पिशवीत घेऊन फिरत होते त्या काळात एका चांगल्या कंपनीकडून विचारणा आली, आणि कागद पाहून त्यांच्या मनुष्यबळ विभागाने ‘कार्ड आल्यावर बोलू’ असे कळवले. कार्ड आले तोपर्यंत ती जागा भरली होती. कायद्याने काहीही अडत नव्हते, हे मी त्यांना तीन परिच्छेदांत लिहून कळवले होते. ते तीन परिच्छेद मला अजून पाठ आहेत.

आता तुमच्या मुलीबद्दल. तुमच्या प्रश्नातले हेच एक वाक्य वाचून मी उत्तर लिहायला बसले.

जर्मनीत बहुतेक राज्यांत प्राथमिक शाळा चौथीपर्यंत असते आणि त्यानंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात: विद्यापीठाकडे सरळ नेणारे गिम्नाझियुम, मधल्या पातळीची रेआलशूले आणि तिच्याखालची मिटेलशूले. तुमचा प्रस्ताव ज्या बायर्न राज्यात आहे तेथे ही विभागणी विशेष कडक आहे. चौथीच्या मे महिन्याच्या सुरुवातीला एक प्रगतिपुस्तक मिळते. त्यात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांच्या श्रेणींची सरासरी काढतात. श्रेणी एक म्हणजे उत्तम. सरासरी २.३३ पर्यंत असेल तर गिम्नाझियुम, २.६६ पर्यंत असेल तर रेआलशूले. तीन विषयांतले दोन भाषेवर उभे आहेत, हे वेगळे सांगायला नको. माझ्या मुलीला गणितात एक, परिसर अभ्यासात तीन आणि जर्मनमध्ये चार मिळाले. बेरीज आठ, सरासरी २.६६.

नियमांत एक सवलत आहे. मूल जर्मन मातृभाषेचे नसेल, पहिलीपासून जर्मन शाळेत नसेल, आणि कमी श्रेणीचे कारण भाषेतली भरून निघण्याजोगी उणीव हे असेल, तर ३.३३ पर्यंतची सरासरीही गिम्नाझियुमसाठी योग्य धरता येते. धरता येते, धरलीच पाहिजे असे नाही. मी तो नियम छापून, खुणा करून शिक्षिकेला भेटायला गेले. त्या अतिशय सौजन्याने आणि बराच वेळ बोलल्या. मला त्यातले तीन चतुर्थांश कळले. उरलेल्या एक चतुर्थांशात माझा मुद्दा होता. उत्तराचे वाक्य मनात जुळवून मी तोंड उघडले तेव्हा पुढचे पालक दारात उभे होते. माझ्याकडे तेव्हा जर्मनच्या बी-वन या मधल्या पातळीचे प्रमाणपत्र होते, म्हणजे ब्लू कार्डावर एकवीस महिन्यांत कायमचा परवाना मिळण्यासाठी जी पातळी लागते ती. परवाना मिळवायला ती पुरते. मुलीची बाजू मांडायला ती पुरली नाही.

रेआलशूले वाईट शाळा नाही. तेथून फाखओबरशूले या पुढच्या शाळेमार्गे उच्च शिक्षणाला जाता येते, मुलगी तेथे रमली आहे, तिच्या मैत्रिणी आहेत, आणि तिला या विषयावर बोलायचे नसते. हे सगळे मी इतर पालकांना ठाम आवाजात समजावून सांगते. तरीही ऑफिसात कोणी आपल्या मुलाच्या गिम्नाझियुमबद्दल बोलू लागले की मी कॉफी आणायला उठते. गणितात एक मिळवणाऱ्या मुलीबद्दलचा निर्णय तिच्या आईच्या व्याकरणावर थांबला, हा विचार अन्यायाचा आहे हे मला कळते, कारण शिक्षिकेने निर्णय आधीच घेतला असण्याची शक्यता अधिक आहे. विचार जात मात्र नाही. रात्री बिघाडाचा अलार्म वाजला तर मी अर्ध्या झोपेत कारण शोधून काढते. या एका बिघाडाचे मूळ कारण मला आजवर लिहिता आलेले नाही.

एकटेपणाबद्दलही तुम्ही विचारले आहे. तो असतो, पहिल्या हिवाळ्यात जास्त असतो, नंतर माणसे मिळतात. तुमच्या पत्नीला आल्याबरोबर नोकरी करण्याची मुभा असेल, आणि ती घरी किती महिने बसते यावर तुमच्या घरातली हवा पुष्कळ अवलंबून राहील. माझ्या नवऱ्याने तो काळ काढला. त्याबद्दल तो स्वतः लिहील तर लिहील.

तेव्हा तुमच्या प्रस्तावाविषयी. काम म्हणून तो चांगला वाटतो. सही करण्यापूर्वी त्यांना तीन गोष्टी विचारा: बिघाडानंतरची बैठक कोणत्या भाषेत होते, ऑन-कॉलच्या विश्रांतीबद्दल बेट्रीब्सराटशी लेखी करार आहे का, आणि कंपनीची दुसऱ्या राज्यात शाखा असेल तर तेथे बसून हेच काम करता येईल का. तिसरा प्रश्न कामाचा नाही, पण तो सर्वांत आधी विचारा. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत आहे, म्हणजे मुलीला भाषेसाठी दोन वर्षे अधिक मिळतील. नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेनमध्ये शाळेची शिफारस पालकांवर बंधनकारक नाही. म्युनिकच ठरले, तर येथे शाळा सप्टेंबरच्या मध्याला सुरू होते. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही आलात तर मुलगी थेट चौथीत बसेल आणि मे महिन्याच्या प्रगतिपुस्तकापर्यंत तिला जेमतेम आठ महिने मिळतील. त्याऐवजी या हिवाळ्यात येणे जमते का ते पाहा, किंवा एक इयत्ता खाली प्रवेश मिळेल का हे शाळेला लेखी विचारा. नव्याने आलेल्या मुलांसाठी येथे स्वतंत्र जर्मन वर्ग असतात. तुमच्या भागातल्या शाळेत तो आहे का हे घर शोधण्याआधी पाहावे लागते. ३.३३ च्या सवलतीचा नियम तुम्हाला हवा असल्यास पाठवीन. शिक्षिकेला भेटायला जाताना मात्र जर्मन उत्तम बोलणारे कोणीतरी सोबत न्या. म्युनिकलाच आलात तर मी येईन, माझी भाषा आता तेवढी झाली आहे.