नोकरी-घर सांभाळून पुन्हा शिकणाऱ्यांचे प्रश्न

या वेळी चाळिशी, पन्नाशी आणि त्यापुढच्या विद्यार्थ्यांचे प्रश्न घेतलेत. बऱ्याच जणांनी 'कुठलं ॲप चांगलं' एवढंच विचारलंय, ते बाजूला ठेवले, कारण ॲपपायी कोणाचं शिक्षण अडलेलं मी अजून तरी पाहिलं नाही. अडतं ते तारखांपायी, कागदांपायी, आणि रात्री साडेदहाला डोळेच उघडे राहत नाहीत म्हणून.

प्रश्न: 1998 ला एसवायबीए झालं आणि लग्न झालं, शिक्षण तिथेच सुटलं. आता 47 वय आहे. क्रेडिट बँकेत माझे जुने मार्क जमा होतील का? (सातारा)

नाही होणार ताई. क्रेडिट बँक, म्हणजे अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स (विषय पास झालं की मिळणारे क्रेडिट जमा ठेवणारं ऑनलाइन खातं), आली 2021 मध्ये आणि तिथे 2021-22 पासूनचेच क्रेडिट धरतात. तरी जुन्या मार्कशीट टाकून देऊ नका, त्यांच्यावर थेट तिसऱ्या वर्षाला घेतात का हे तुमच्या जुन्या विद्यापीठाला आणि नाशिकच्या मुक्त विद्यापीठालाही विचारा, पण मेलवर विचारा, फोनवर "हो हो होईल" म्हणणारा माणूस पुढच्या महिन्यात त्या खुर्चीत नसतो. नव्याने सुरू करावं लागलं तर एक बरंय, आता मिळवलेले क्रेडिट 7 वर्षांपर्यंत खात्यात राहतात, म्हणजे मधे घरचं काही निघालं आणि खंड पडला तरी सगळं वाया जात नाही.

तुमच्या बाबतीत खरी मेख वेगळीच आहे, ती नावाची. दहावीचं सर्टिफिकेट माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या नावाचं, मधलं नाव एकीकडे वडलांचं आणि दुसरीकडे नवऱ्याचं. क्रेडिट बँकेचा आयडी डिजिलॉकरमधून आधारवरच्या नावाने निघतो, ॲडमिशन होतं जुन्या मार्कशीटवरच्या नावाने, मग दोन्हीचा मेळ बसत नाही आणि क्रेडिट अडकून पडतात. म्हणून फॉर्म भरायच्या आधीच कुठल्या नावाने शिकायचं ते एकदा ठरवा. विवाह नोंदणीचा दाखला काढलेला नसेल तर आधी तो काढा, राजपत्रात नाव बदललं असेल तर त्याची प्रत स्कॅन करून ठेवा. हे काम कंटाळवाणं आहे पण ॲडमिशननंतर करायला गेलात तर दुप्पट कंटाळवाणं होतं.

प्रश्न: चाकणला शिफ्टमध्ये आहे, मेकॅनिकल डिप्लोमा झालाय. एनपीटेलच्या (आयआयटींच्या प्राध्यापकांच्या ऑनलाइन) कोर्सला दर वेळी उत्साहाने नाव घालतो आणि तिसऱ्या आठवड्यात सुटतं. काय चुकतंय?

पहिल्या व्हिडिओपासून सगळं ओळीने बघत येता ना, तिथेच फसता. नाइट शिफ्टचा एक आठवडा गेला की पाच-सहा व्हिडिओ तुंबतात, मग ते बघितल्याशिवाय पुढचं उघडायचं नाही असं मनाशी घेता आणि कोर्स संपला. आता हिशोब बघा. 12 आठवड्यांच्या कोर्सला 12 असाइनमेंट असतात आणि त्यातल्या चांगल्या 8 धरतात, म्हणजे चार आठवडे शिफ्टने खाल्ले तरी बिघडत नाही. 8 आठवड्यांच्या कोर्सला 8 पैकी 6 धरतात, तुम्ही सुरुवात त्यानेच करा. असाइनमेंटला 25 मार्क, परीक्षेला 75, आणि दोन्हीकडे वेगवेगळं पास व्हावं लागतं, 25 पैकी 10 आणि 75 पैकी 30.

आठवड्याची सुरुवात असाइनमेंट उघडून करा. प्रश्न वाचा, येतात ते खुणा करून सोडा, येत नाहीत तेवढ्यांसाठी व्हिडिओकडे जा. समजा उष्णता वहनाचा कोर्स आहे आणि फिनवरचा (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्टीवरचा) प्रश्न अडलाय, तर लेक्चरच्या ट्रान्स्क्रिप्टची, म्हणजे बोललेलं लिहून काढलेल्या प्रतीची, पीडीएफ उतरवून घ्या, त्यात 'फिन' शोधा, लेक्चरच्या कितव्या मिनिटाला तो भाग आहे त्याचा अंदाज येतो, तेवढंच बघा. काही कोर्सची ट्रान्स्क्रिप्ट मराठीतही मिळते. कंपनीच्या बसमध्ये व्हिडिओ बघण्यापेक्षा हे वाचणं सोपं, आणि नेट गेलं तरी चालतं.

चॅटजीपीटीला असाइनमेंटची उत्तरं विचारू नका, 25 पैकी 23 मिळतील आणि परीक्षेला सेंटरवर फोन बाहेर राहील तेव्हा बोंब होईल. उलट त्याला सांगा की मला या धड्यावर पाच प्रश्न विचार, उत्तर लगेच सांगू नकोस. आणि हो, कोर्सला नाव घालणं फुकट आहे पण परीक्षेचं रजिस्ट्रेशन वेगळं, फी हजाराच्या आसपास, त्याची शेवटची तारीख आजच फोनवर रिमाइंडर लावून ठेवा. असाइनमेंट करूनही हे विसरणारे खूप असतात.

प्रश्न: ऑनलाइन एमबीएसाठी रोज फोन येतात, "सर आज शेवटचा दिवस, ईएमआय करून देतो". डिग्री चालते का? (नागपूर)

मान्यता असेल तर चालते, मान्य ऑनलाइन आणि दूरस्थ डिग्री रेग्युलरच्या बरोबरीची आहे हे यूजीसीने 2022 मध्ये स्पष्ट केलंय. पण मान्यता त्या विद्यापीठाला, त्या कोर्ससाठी, त्या सत्रापुरती असते, तेव्हा यूजीसीच्या डीईबी (दूरस्थ शिक्षण विभाग) साइटवर स्वतः यादी बघा, त्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेला स्क्रीनशॉट नको. ॲडमिशनआधी तुमचा डीईबी आयडी लागतो, तो तुम्हीच काढायचा. फी विद्यापीठाच्या खात्यातच भरा, फ्रँचायझीला परवानगीच नाही. आणि ऑनलाइन बीई, नर्सिंग किंवा लॉची डिग्री देतो म्हणाला तर सरळ फोन ठेवा.

प्रश्न: निवृत्त मुख्याध्यापक, वय 69. डिग्री नको, इतिहास वाचायचाय. स्क्रीनवर डोळे दुखतात. (रत्नागिरी)

सर, परीक्षेच्या फंदात पडू नका, 'स्वयं' या सरकारी पोर्टलवरचे कोर्स परीक्षा न देता फुकट बघता येतात. इग्नूची (दिल्लीच्या मुक्त विद्यापीठाची) पुस्तकं त्यांच्या ईज्ञानकोश या साइटवर आहेत, एकेका प्रकरणाची पीडीएफ निघते, ती गावातल्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरात छापून घ्या. स्वयंप्रभाची (सरकारी शैक्षणिक) चॅनेलं तर डीडी फ्री डिशवर टीव्हीवरच दिसतात.

प्रश्न: आमच्या अभ्यासकेंद्रात रविवारच्या सत्राला पाच-सहा जण येतात. एलएमएस (ऑनलाइन शिकवण्याचं सॉफ्टवेअर) विकत घ्यावी का? (केंद्र संयोजक)

विकत कशाला, मूडल नावाची एलएमएस फुकट आहे, 2002 पासून जगभर चालतंय. पण त्याआधी प्रवेशाच्या फॉर्मवर एक प्रश्न वाढवा: फोन कोणाचा? निम्म्या बायकांचा फोन मुलाच्या हातात असतो, तो रात्री जेवणं झाल्यावर मिळतो, डेटा तोवर संपलेला. त्यांना तुम्ही दीड तासाचं झूम रेकॉर्डिंग पाठवता! त्यापेक्षा एकेका घटकावर दहा-बारा मिनिटांचा ऑडिओ करा, चपात्या लाटताना ऐकता येतो. स्वाध्यायाच्या तारखा साध्या एसएमएसने पाठवा, अपलोडची मुदत रविवारी रात्री बाराची ठेवू नका, सोमवारची ठेवा, म्हणजे साइट अडकली तर ऑफिसात फोन उचलायला कोणीतरी असेल. आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त ॲडमिनलाच मेसेज टाकता येईल ती सेटिंग काढा, निम्म्या शंका विद्यार्थी आपापसातच सोडवतात. गुड मॉर्निंगचे फोटो येतील, येऊ देत.