चमकणाऱ्या नळीवरून झिंकचा डोस ठरवू नका

प्रश्न (काटोल तालुक्यातील एक संत्रा उत्पादक): दुकानदाराने माझ्या बागेतील माती पाण्यात ढवळून गाळली, त्यात रसायनाचे थेंब टाकले आणि नळी जांभळ्या टॉर्चखाली धरली. ती चमकली नाही, म्हणून जमिनीत झिंक (जस्त) नाहीच, असे सांगून त्याने एकरी 25 किलो झिंक सल्फेट आणि लागोपाठ दोन फवारण्या सुचवल्या. हे करावे का?

उत्तर: करू नये. या चाचणीमागील शास्त्र खोटे नाही. काही रसायनांचे रेणू जस्ताचा आयन धरला की अतिनील प्रकाशात चमकतात आणि स्वच्छ द्रावणातील अत्यल्प जस्तही दाखवतात. परंतु बागेतील मातीचे पाणी म्हणजे स्वच्छ द्रावण नव्हे. तांबे आणि लोह ही चमक विझवतात, आणि डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) रोखण्यासाठी वर्षानुवर्षे बोर्डो मिश्रण (मोरचूद व चुना) वापरलेल्या बागेत तांब्याला तोटा नसतो. उलट कॅडमियम असल्यास जस्त नसतानाही नळी चमकू शकते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत, जिथे सामू (पीएच) 8 च्या आसपास असतो, जस्त मातीच्या कणांना धरून राहते आणि साध्या पाण्यात जवळजवळ उतरतच नाही. त्यामुळे चांगल्या बागेची माती नेली तरी नळी अंधारीच राहण्याचा संभव अधिक, आणि दुकानदाराची गोणी मात्र खपते.

प्रयोगशाळेत याच कारणासाठी माती डीटीपीए (मातीच्या कणांनी धरलेले जस्त सोडवून घेणारे रसायन) द्रावणात 2 तास हलवून मग जस्त मोजतात. ते 0.6 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 0.6 भाग) कमी आले तरच जमिनीत कमतरता समजावी. अहवाल हाती येईपर्यंत जमिनीतून एक किलोही झिंक सल्फेट देऊ नका. जस्ताचा अतिरेक झाला की झाडाला लोह मिळत नाही, नवती (नवी पालवी) पिवळी पडते आणि तोच दुकानदार मग फेरस सल्फेट (लोहाचे खत) विकतो. झिंक सल्फेट स्फुरदयुक्त खतात मिसळून देण्याचा सल्लाही मानू नका.

पाने लहान व अरुंद राहून शिरांमधला भाग पिवळा पडला असेल, तर माझा आग्रह फवारणीचाच आहे: 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम झिंक सल्फेट आणि 25 ग्रॅम विरलेला चुना, गाळून, नवतीची पाने पुरती उघडल्यावर, सकाळी किंवा सायंकाळी. भर फुलोऱ्यात फवारू नका. मात्रा दुप्पट केल्याने पाने दुप्पट हिरवी होत नाहीत, ती करपतात. सोबत आळ्यात कुजलेले शेणखत द्यावे.

मृद आरोग्य पत्रिकेत जस्तासह 12 घटक तपासले जातात; नमुन्यासाठी सहायक कृषी अधिकाऱ्यास (पूर्वीचे कृषी सहायक) भेटावे. नमुना खत देण्यापूर्वी, खोडाजवळून नव्हे तर झाडाच्या घेराखालून घ्यावा आणि प्लास्टिकच्या घमेल्यात मिसळावा. जस्ताचा मुलामा असलेली बादली वापरल्यास बादलीचेच जस्त अहवालात उतरते.