सिनेमे बघून कॉमिक्सकडं येतोयस, तर आधी गटार बघ

भावा, तुझे प्रश्न चार आहेत. मार्व्हलचे सगळे सिनेमे बघून झालेत तर आता कॉमिक्स कुठनं सुरू करू, कुठल्या क्रमानं वाचू, जुळे सोलापुरात बसून मिळणार कुठं, आणि आपल्याकडच्या कशावर सिनेमा यावा. पहिल्या तिघांची उत्तरं कुणीपण देईल, मी खरं तर चौथ्यासाठी टाइप करायला बसलोय, पण तिथं जायचं तर पहिल्यापासनंच जावं लागतंय, त्यामुळं चहा घेऊन बस.

क्रम बिम काही नसतो. सुपरमॅन १९३८ पासनं चालू आहे, बॅटमॅन १९३९ पासनं, आणि मधल्या काळात तीच माणसं मेली, परत आली, लग्न झालं, मग ते लग्न झालंच नव्हतं असं ठरलं, आपल्या मालिका परवडल्या. नंबर एकपासनं वाचायच्या भानगडीत पडू नको. जे एका पुस्तकात सुरू होतं आणि त्याच पुस्तकात संपतं ते घे. बॅटमॅनचं 'इयर वन' घे, १९८७ चं, फ्रँक मिलरनं लिहिलंय, चित्रं डेव्हिड मॅझुकेलीची, मूळचे चारच अंक, दुपारी जेवून हातात घेतलंस तर चारच्या चहापर्यंत संपतंय. नाव बॅटमॅनचं पण निम्मी गोष्ट गॉर्डनची. गॉथम शहरातल्या खाणाऱ्या पोलीस खात्यात बदली होऊन आलेला सरळ माणूस, घरात बायको पोटुशी, आणि ऑफिसात कुणाकडं पाठ करून उभं राहायची सोय नाही. हे कळायला आपल्याला गॉथमला जायची काय गरज?

मग 'ऑल-स्टार सुपरमॅन'. ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली, २००५ ते २००८, बारा अंक. ह्याचं पहिलं पान मी पुण्यात दुकानात उभ्यानं बघितलं आणि पुस्तक खाली ठेवलंच नाही, खिशात परतीच्या तिकिटापुरते पैसे होते ते पण त्यातच गेले, मित्राकडनं उसने घेऊन घरी आलो. पानावर फक्त चार चौकटी. नष्ट होत चाललेला ग्रह, हताश शास्त्रज्ञ, शेवटची आशा, मायाळू जोडपं. प्रत्येक चौकटीत इंग्रजी दोन शब्द, एकूण आठ. संपला सुपरमॅनचा जन्म. पान उलटलं की गडी थेट सूर्यापाशी. सिनेमावाले हेच सांगायला अर्धा अर्धा तास खात आलेत. जेम्स गननं २०२५ च्या सिनेमात हे जन्माचं पुराण गाळलं, आणि ह्या पुस्तकाचा आपल्यावर परिणाम आहे असं तो स्वतःच सांगतो.

आता त्या चार चौकटींच्या मधे काय आहे बघ. पांढरी पट्टी. तिला इंग्रजीत गटर म्हणतात, म्हणजे आपलं गटारच, हसू नको, कॉमिक घडतं ते तिथंच. ग्रह फुटताना काढलेला नाही, यान शेतात पडताना काढलेलं नाही, ते सगळं तू डोक्यात काढलंस आणि तुला पत्ता पण लागला नाही. वेताळाचं, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमचं, तेच. एका चौकटीत आवळलेली मूठ, पुढच्या चौकटीत गुंड आडवा आणि जबड्यावर कवटीचा शिक्का. मधला ठोसा कुणी मारला? तूच की.

मला हे कुठल्या पुस्तकातनं कळलेलं नाही, एका बाइंडरमुळं कळलं. १९९० ला वेताळ छापणारं इंद्रजाल कॉमिक्स बंद पडलं तेव्हा मी शाळेत होतो. सुट्टीत दिवसाला चार आणे भाड्यानं आणून वाचायचो आणि पैसे साठले की रद्दीतनं विकत घ्यायचो, असे वेताळ, मॅन्ड्रेक, बहादूर मिळून पंचवीस-तीस अंक जमले होते. आता नवीन येणार नाहीत म्हणल्यावर ते जपून ठेवावेत म्हणून बाइंडिंगला टाकले. त्या माणसानं कडा सरळ करायला गठ्ठा मशीनखाली दाबला आणि झाडून सगळ्या अंकांच्या वरच्या चौकटीतल्या संवादाच्या फुग्यांची पहिली ओळ कापून टाकली. कापड एक नंबर लावलं होतं, सोनेरी अक्षरात नाव घातलं होतं, आणि आत प्रत्येक पान अर्ध्या वाक्यापासनं सुरू. मी दोन दिवस जेवलो नाही. वडील म्हणाले, गोष्ट तर आहे की ओ सगळी, कशाला रडताय. तर तेच पुस्तक पुढं किती वर्षं वाचलं आणि प्रत्येक वेळी कापलेली ओळ मनानं भरत गेलो. बऱ्याच वर्षांनी त्यातलाच एक अंक न कापलेला सापडला. ताडून बघितलं तर ज्या जागी मी वेताळाच्या तोंडी आख्खी धमकी वाचायचो तिथं साधी वाट विचारलेली होती. माझीच ओळ बरी होती, अजून तीच वाचतो.

तर सिनेमाचा घोळ इथं आहे. सिनेमात गटार नसतं. चोवीस चित्रं सेकंदाला, सगळं भरूनच येतं. 'वॉचमेन' घे, ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स, १९८६-८७, बारा अंक. पहिल्या पानावर रस्त्याच्या कडेला रक्तात पडलेला पिवळा हसरा बिल्ला, अगदी जवळनं. पुढच्या चौकटीत नजर थोडी वर, मग आणखी वर, फुटपाथ धुणारा माणूस दिसतो, मग गाड्या, आणि शेवटी कितीतरी मजले वर फुटलेल्या खिडकीतनं खाली बघणारा एक टकला. ती चढण तुझ्या गतीनं होते. मधेच थांबून परत बिल्ल्याकडं जाता येतं, आणि मी गेलोच होतो. पाचव्या अंकात तर पहिलं पान आणि शेवटचं पान, दुसरं आणि शेवटून दुसरं अशी मांडणी आरशासारखी जुळवलेली आहे, हे मला तिसऱ्या वाचनात दिसलं. २००९ ला झॅक स्नायडरनं सिनेमा केला, चौकटी जशाच्या तशा उचलल्या, पोरानं मन लावून अभ्यास केला होता, कुणी नाही म्हणणार नाही. पण चौकटी आल्या आणि गटार राहिलं. उलट 'पर्सेपोलिस' बघ. मर्जान सत्रापीनं स्वतःच्या इराणातल्या लहानपणावर पुस्तक काढलं आणि २००७ ला सिनेमा पण व्हिन्सेंट पारोनोबरोबर स्वतःच केला, बहुतेक काळ्यापांढऱ्या चित्रांचाच. जे पुस्तकात काळं सोडलं होतं ते पडद्यावर पण काळंच ठेवलं. आधी पुस्तक वाच, सिनेमा कुठं जातोय. आणि 'माउस' वाचल्याशिवाय राहू नको, नाझींच्या छळछावणीतनं वाचलेल्या बापाची गोष्ट, ज्यू उंदीर आणि जर्मन मांजरं. १९९२ ला पुलित्झर मिळालं त्याला. ते काढणारा आर्ट स्पीगलमन सिनेमाला नकोच म्हणत आलाय. बरोबर आहे त्याचं.

मिळायचं म्हणशील तर अमर चित्र कथा मराठीत सोलापुरात मिळतात, राज कॉमिक्सची नवी छपाई मागवता येते, इंग्रजी मात्र ऑनलाइन नाहीतर सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुणं गाठायचं. जाड पुस्तक ऑनलाइन मागवणार असलास तर बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेव, माझं एक कोपरे चेंबून आलं आणि परत घ्यायला तयार नव्हते. मार्व्हलचे सिनेमे आवडले म्हणून मार्व्हलच वाचायचं असेल तर डेअरडेव्हिलचं 'बॉर्न अगेन' घे, परत मिलर-मॅझुकेलीच. बाकी मोठमोठे इव्हेंट सध्या सोड, तीस हिरो एका पानावर आणि एकाचीपण ओळख नाही, लग्नात मुलाकडच्या लोकांत सापडल्यासारखं होतं.

आता आपलं. आपल्याकडं कॉमिक्सच नाहीत असं तू लिहिलंयस त्याचा मला जरा रागच आला. अनंत पैंनी १९६७ ला अमर चित्र कथा काढली त्यात चित्रं काढणारे हात बघ. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम. टिंकल मासिकातला सुप्पंडी वाईरकरांच्या हातचा, शिकारी शंभू वसंत हळब्यांच्या. शंभूच्या टोपीखाली डोळे कधी दिसलेत का तुला? नाही ना, तेच तर. हिंदीतला नागराज १९८६ ला आला त्याची सुरुवातीची चित्रं पण मुळीकांचीच. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा चिंटू १९९१ ला पेपरात आला, त्यावर २०१२ ला आणि २०१३ ला सिनेमे निघाले, माझ्या पुतण्यांनी बघितले, त्यांना आवडले, मला नाही. तीन-चार चौकटीत शेवटच्या चौकटीला फुटणारा लवंगी फटाका तो, त्याची दोन तासांची माळ केली की आवाज तसा राहत नाही.

आणि 'भीमायन'. हे लिहून ठेव. २०११ चं, बाबासाहेबांच्या आयुष्यावर, दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम ह्या गोंड चित्रकार जोडप्यानं काढलेलं, लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद. ह्यात चौकटीच नाहीत. आम्ही माणसांना डब्यात कोंबणार नाही असं त्यांचं म्हणणं, म्हणून पानभर गोंड नक्षीचे पट्टे वळत जातात आणि त्यांच्या मधे गोष्ट चालते. फुगे बघ. चांगल्या माणसाचं बोलणं पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात, आणि ज्याच्या बोलण्यात विष त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. शब्द वाचायच्या आधीच कळतंय की आता टोचणार.

सिनेमा कशावर यावा तर पहिलं नाव सुपर कमांडो ध्रुव. अनुपम सिन्हांचा, १९८७. कसलीच शक्ती नाही, सर्कशीत वाढलेलं पोरगं, सर्कस जळते त्यात आईबाप जातात, पुढं पोलीस अधिकारी घरी नेतो. बॅटमॅनच्या जोडीदार रॉबिनसारखं आहे म्हणशील, आहेच, पण आपल्याकडं सर्कस म्हणजे काय हे अमेरिकेला कुठं ठाऊक. होम मैदानावर गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या यात्रेत, मौत का कुआंच्या फळ्या थरथरताना कठड्याला धरून उभा राहिलायस ना? पेट्रोलचा वास, वरनं नोटा धरणारी माणसं, खालनं गाडी येते आणि नोट घेऊन जाते. ध्रुवची मोटारसायकल तिथनं सुरू व्हायला पाहिजे, कॉम्प्युटरवर नाही. डोगाच्या सिनेमाची बातमी अनुराग कश्यपच्या नावानं कितीतरी वर्षं फिरली, निघाला नाही. कचऱ्याच्या ढिगात सापडलेलं बाळ, डाकूनं वाढवलेलं, मुंबईत कुत्र्याचा मुखवटा घालून हिंडणारा माणूस, ह्याला खर्च पण जास्त नको. वेताळाला मात्र कुणी हात लावू नये. १९९६ ला बिली झेनला जांभळा सूट घालून बघितलंय लोकांनी, पडला सिनेमा. इंद्रजालनं निदान मूळचं 'बंगाली' नावाचं जंगल बदलून डेंकाली केलं आणि सिंग चाच्यांचे सिंगा केले, वाचणारा कोण आहे हे त्यांना माहीत होतं.

पण मला खरं पाहिजे ते अजून कुणी काढलेलंच नाही. आपल्या गावचा मार्शल लॉ. मे १९३०, गांधीजींना अटक झाली, गिरण्यांचं गाव रस्त्यावर आलं, गोळीबार झाला, इंग्रजांनी गावात लष्करी कायदा लावला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा ह्या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी. हुतात्मा एक्स्प्रेसचं नाव ह्यांच्यावरनं आहे, डब्यात शेजारच्याला विचारून बघ किती जणांना ठाऊक आहे. ह्याच्यावर थेट सिनेमा नको, नाहीतर चौघं एकाच मराठीत भाषण ठोकतील आणि मागं ढोल. आधी कॉमिक पाहिजे. गिरणीच्या गेटवर मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी माणसं एका पानावर, प्रत्येक भाषेच्या फुग्याचा आकार वेगळा, भीमायनसारखा. आणि फाशी काढायचीच नाही. १२ जानेवारी म्हणजे गड्ड्याच्या ऐन तोंडावर. एका चौकटीत सिद्धेश्वराच्या काठ्यांना रंग देणारा हात. पुढच्या चौकटीत येरवड्याचं बंद दार. मधे पांढरी पट्टी, जरा रुंद.

तुझा हात चित्रात चालतो असं तू मागं एकदा म्हणाला होतास. गिरणीचं जुनं धुराडं काढता येतं का बघ, मी संवाद लिहून देतो.

तोपर्यंत 'इयर वन' तू मागव. 'ऑल-स्टार' माझ्याकडचं देतो, रविवारी पार्क चौकात ये, फक्त शेंगा चटणीच्या हातानं पानं उलटायची नाहीत. ते बाइंडिंगवालं वेताळ मागू नकोस, ते मी घरच्यांना पण देत नाही.