सुई बुडत का नाही?

पृष्ठताण, म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागाची आकसून राहण्याची ओढ, शिकताना 'पाण्यावर साय असते' हे चित्र आधी डोक्यातून काढ. वरचे रेणूही पाण्याचेच. फक्त आतल्या रेणूला चहूबाजूंनी शेजारी ओढतात आणि वरच्याला वर ओढणारं जवळपास कुणीच नसतं. म्हणून पाणी आपला पृष्ठभाग होईल तितका कमी ठेवतं. हायड्रोजन बंधांमुळे (पाण्याच्या रेणूंना एकमेकांशी धरून ठेवणारं आकर्षण) ही ओढ दांडगी: २० अंश सेल्सिअसला सुमारे ७२.८ मिलीन्यूटन प्रति मीटर. इथेनॉलची जेमतेम २२!

सुईचा प्रयोग मात्र स्वतः करच. पाण्यावर ठेवलेल्या टिश्यू पेपरच्या तुकड्यावर कोरडी सुई आडवी ठेव, कागद भिजून बुडू दे. मग डोळे पाण्याच्या पातळीला आणून बघ, सुईखाली पाणी दबून खळगा पडलेला दिसेल. नुसत्या उत्प्लावक बलावर (बुडलेल्या भागाला पाणी वर ढकलतं ते बल) ती टिकलेली नाही, पृष्ठताणानेही ती तोलली आहे (मीही सुरुवातीला इथेच घसरलो होतो). पटत नसेल तर कडेला साबणाच्या पाण्याचा एक थेंब सोड: पृष्ठताण घटेल आणि सुई बुडेल.