मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला बर्फात वजन हवे की टायर?

मागच्या चाकांवर चालणारी, म्हणजे इंजिनाचा जोर फक्त मागच्या चाकांना मिळणारी, तुमची गाडी बर्फाच्या चढावर जागीच चाके फिरवत राहते, तेव्हा डिकीत वाळूच्या गोण्या ठेवल्यास हिवाळी टायरांचा खर्च वाचेल का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते वाचणार नाही. वजनाने चाकाची पकड वाढते हे खरे. परंतु जी गाडी थांबवायची आणि वळवायची, तिचा भारही त्याच वेळी वाढलेला असतो.

एक ढोबळ हिशेब मांडतो. गाडी १५०० किलोची आहे, वजन पुढे-मागे निम्मे-निम्मे आहे आणि दाबल्या गेलेल्या बर्फावर घर्षणांक, म्हणजे टायरच्या पकडीचे माप, ०.२ आहे, असे धरले तर मागच्या ७५० किलोंच्या जोरावर ती साधारण १० टक्के चढ, म्हणजे १०० मीटर अंतरामागे १० मीटर उंची, चढेल. बरोबर मागच्या ॲक्सलवर, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या आसावर, १०० किलो वाळू ठेवली, तर ही मर्यादा जेमतेम १०.६ टक्क्यांवर जाते. उलट वाळू न ठेवता चांगल्या टायरांमुळे घर्षणांक ०.३ झाला, तर ती १५ टक्के होते. ब्रेकच्या बाबतीत फरक याहून ठळक आहे, कारण ताशी ५० किलोमीटर वेगावरून थांबायला ०.२ घर्षणांकावर सुमारे ४९ मीटर लागतात, ०.३ वर ३३ मीटर पुरतात, आणि वाळूने मात्र हे अंतर तसूभरही कमी होत नाही. चारही चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचेही हेच आहे: त्या निघतात झटकन, पण थांबताना त्यांचे काही खास चालत नाही.

वाळू ठेवायचीच असेल, तर जागा महत्त्वाची. गोण्या ॲक्सलच्या मागे, डिकीच्या टोकाशी ठेवल्या, तर तरफेप्रमाणे पुढची बाजू उचलली जाते, स्टिअरिंग हलके पडते, आणि वळणावर एकदा बाहेर निघालेली मागची बाजू आवरणे कठीण होते. मागे इंजिन असलेल्या पोर्श ९११ मध्ये सुमारे ६० टक्के वजन मागच्या चाकांवर असते. ती बर्फात सहज निघते, पण वळणाच्या मध्यात ॲक्सिलरेटर अचानक सोडलेला तिला खपत नाही. गोण्या घट्ट बांधाव्यात, हे वेगळे सांगायला नको.

टायरांकडे मात्र नीट पाहावे. उन्हाळी टायरांचे रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागते. हिवाळी टायरांचे त्याहून खालच्या तापमानातही लवचीक राहते. त्यांच्या नक्षीतल्या प्रत्येक ठोकळ्यावर सुरीने चिरल्यासारख्या बारीक, नागमोडी चिरा असतात. चाक रस्त्याला टेकताना त्या किंचित उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फात रुततात. मोठ्या खाचांत बर्फ अडकून बसतो तोही उपयोगाचा, कारण बर्फाला बर्फाची पकड रबरापेक्षा चांगली मिळते. नक्षीची खोली ४ मिलिमीटरच्या खाली गेली की हे गुण झपाट्याने ओसरतात, मग कायद्याची मर्यादा बहुतेक ठिकाणी १.६ मिलिमीटर का असेना. खरेदी करताना टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, हे चिन्ह शोधावे. ते बर्फावरील चाचणीनंतरच मिळते, तर नुसते ‘एम प्लस एस’ (चिखल आणि बर्फ) हे निर्मात्याने स्वतःच लिहिलेले असते.

खर्च कमी करण्यासाठी केवळ जोर मिळणाऱ्या दोन चाकांना हिवाळी टायर लावण्याचा मोह होतो, तो टाळावा. तुमच्या गाडीत तसे केल्यास ती निघेल, पण पुढची चाके वळणार नाहीत. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तर वळणावर ब्रेक लावताच मागची बाजू पुढे येते, आणि ते अधिक धोक्याचे. चारही टायर एकाच प्रकारचे घ्यावेत आणि त्यांतील हवा गाडी थंड असताना तपासावी, कारण तापमान सुमारे साडेपाच अंशांनी उतरले की दाब साधारण १ पीएसआयने (हवेच्या दाबाचे एकक) घटतो.