तळमजला, मिठी नदी आणि घराचा नसलेला विमा

प्रश्न: आम्ही कुर्ला पश्चिमेला, मिठी नदीपासून पायी दहा मिनिटांवर तळमजल्यावर राहतो. घर ४८० चौरस फूट कार्पेट. मी अनुदानित शाळेत शिक्षिका, वय ५१. २००५ मध्ये घरात कमरेच्या वर पाणी होतं, २०१७ च्या ऑगस्टमध्ये दीड फूट. कंत्राटदार म्हणतो, जमीन दोन फूट उचलून घ्या, साडेचार लाख लागतील. यजमान म्हणतात, दोन-तीन वर्षांत इमारत रिडेव्हलपमेंटला जाणारच आहे (सोसायटीने अजून सल्लागार नेमलेला नाही, पण बोलणी चालू आहेत), मग खर्च कशाला? एफडी मोडून काम करून घ्यावं का? घराचा विमा आहेच. २०१६ मध्ये दिरांचा हिस्सा घेण्यासाठी कर्ज काढलं तेव्हा बँकेनेच १ लाख ८५ हजारांच्या हप्त्याचा काढून दिला. कागद जोडले आहेत. गेल्या आठवड्यात ओळखीच्या एजंटकडून आपत्तीसाठी म्हणून एक गॅरंटीड पॉलिसीही घेतली आहे.

उत्तर: ताई, एफडी मोडू नका. कारणं पुढे सांगतो, पण आधी तुम्ही जोडलेल्या कागदांबद्दल, कारण तुमचा खरा धोका तिथे आहे.

बँकेने दिलेली ती पॉलिसी घराचा विमा नाही. तो कर्जाला जोडलेला आयुर्विमा आहे. पहिल्याच पानावर विमाधारक म्हणून तुमचं नाव आहे आणि खाली दरवर्षी घटत जाणाऱ्या रकमेचा तक्ता आहे. कर्ज फिटण्याआधी तुमचं काही बरंवाईट झालं तर उरलेलं कर्ज विमा कंपनी भरेल, एवढाच त्याचा अर्थ. उद्या घरात चार फूट पाणी आलं, भिंत कोसळली, आग लागली, तर या कागदावर एक रुपयाही मिळणार नाही. म्हणजे पुराच्या पट्ट्यातलं तुमचं घर गेली कित्येक वर्षं विम्याशिवाय उभं आहे आणि तुम्ही निर्धास्त आहात. दीड फूट पाण्यापेक्षा मला याची जास्त काळजी वाटते.

हे सर्रास घडतं. कर्ज मंजूर होताना समोर कागदांचा गठ्ठा येतो, ‘मॅडम, घराचा इन्शुरन्स आहे, इथे सही करा’ एवढंच सांगितलं जातं, आणि घर या शब्दावर माणूस विसंबतो. अशी पॉलिसी कर्जासाठी कायद्याने सक्तीची नाही, हे सांगायची तसदी कुणी घेत नाही. वर विम्याचा तो हप्ता कर्जातच मिसळला. ९ टक्के व्याज आणि १५ वर्षं धरली तर १ लाख ८५ हजारांचे तुम्ही सुमारे ३ लाख ४० हजार भरणार. आता ती मोडण्याची घाई नको, कारण कर्ज आहे तोवर ते संरक्षण उपयोगाचं आहे. मात्र कर्ज मुदतीआधी फेडलंत तर उरलेल्या काळाच्या हप्त्यापैकी किती परत मिळेल, हे बँकेकडून लेखी घ्या.

तुम्हाला हवा तो विमा वेगळा आहे आणि स्वस्त आहे. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या अटींची पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे आणली. पूर, पाणी तुंबणं, वादळ, भूकंप, दरड, आग हे सगळं तिच्यात येतं. विमा घराच्या बाजारभावाचा नसतो, पुन्हा बांधण्याच्या खर्चाचा असतो. कुर्ल्यात तुमच्या घराला कोटभर रुपये येतील, पण त्यातला मोठा भाग जागेचा, आणि जागा पुरात वाहून जात नाही. ४८० कार्पेट म्हणजे बांधीव सुमारे ६००, चौरस फुटाला ३,००० धरा, झाले १८ लाख. कोणी कोटीचा विमा काढायला सांगितलं तर नको म्हणा.

घरातल्या सामानासाठी इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, आपोआप धरले जातात. तुमच्या बाबतीत ते ३ लाख ६० हजार होतात. फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही, लॅपटॉप, कपाटं, गाद्या, स्वयंपाकघर मिळून माझ्या अंदाजाने तुमचं सामान सहा लाखांचं तरी आहे, तेव्हा जास्तीची रक्कम वेगळी जाहीर करा. रोख रक्कम आणि कागदपत्रं यात धरत नाहीत. दागिन्यांसाठी वेगळं जोडकलम (अ‍ॅड-ऑन) घ्यावं लागतं. एवढ्या सगळ्याचा हप्ता वर्षाला दीड-दोन हजारांच्या आसपास पडेल. दोन-तीन कंपन्यांकडून दर मागवा. भिंतीला वर्षानुवर्षं येणारी ओल आणि झीज यात बसत नाही, त्यासाठी भांडू नका.

इमारतीचा पाया, खांब, जिना, मीटरची खोली तुमच्या एकटीची नाही. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे नमुना नियमावलीत, इमारतीच्या विम्याची तरतूद आहे, तरी कित्येक सोसायट्या तो काढत नाहीत. पुढच्या सभेत सचिवांकडे पॉलिसीची प्रत मागा.

आता जमीन उचलण्याचं. मुंबईत एकूण पाऊस किती पडला, यावरून तुमच्या घराचा धोका कळत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला साधारण ७४. शहराची जुनी पर्जन्य वाहिन्यांची रचना तासाला २५ मिलिमीटर पावसाची. ब्रिमस्टोवॅड या महापालिकेच्या पर्जन्य वाहिन्या सुधारण्याच्या प्रकल्पात ती ५० वर न्यायचं ठरलं. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की मिठीचं पाणी माहीमच्या खाडीत उतरत नाही, उलट नाल्यांतून वस्तीत शिरतं. म्हणून तुमच्या उंबऱ्याशी काय झालं, हाच तुमचा आकडा. आसपासच्या जुन्या दुकानदारांना विचारा, जिन्यातल्या भिंतीवर पाण्याची रेघ शोधा, महापालिकेच्या एल वॉर्डच्या कार्यालयात तुमची गल्ली पाणी तुंबण्याच्या यादीत आहे का ते पाहा.

तुमचा हिशेब तुम्हीच दिला आहे. वीस वर्षांत दोनदा पाणी. २००५ चं नुकसान आजच्या भावाने चार लाख, २०१७ चं ६० हजार धरू. म्हणजे सरासरीने वर्षाला २३ हजार. साडेचार लाखांच्या एफडीचं ७ टक्क्यांनी व्याजच वर्षाला ३१ हजार होतं. वर दोन फूट उचलून २०१७ चं पाणी अडेल, २००५ चं नाही. चार फूट पाण्यात उचललेल्या जमिनीवरही दोन फूट राहील, आणि फ्रिज, सोफा, गाद्या जायला तेवढं पुरे. शिवाय साडेनऊ फुटांचं छत साडेसातवर येणार. तिथे वीस वर्षं राहणार असतात तरी मी विचारात पडलो असतो.

आणि एक गोष्ट कंत्राटदाराने सांगितलेली दिसत नाही. तळमजल्यावर पाणी पुष्कळदा दारातून येण्याआधी मोरीतून आणि संडासाच्या पाइपमधून उलटं वर येतं. तिथे पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. दाराला खाचेत सरकवून बसणारी रबर लावलेली फळी करून घ्या. खालचे प्लग पॉइंट छातीच्या उंचीवर घ्या, फ्रिज आणि वॉशिंग मशीन उंच ओट्यावर ठेवा, चांगला मजबूत माळा करा. हे सगळं ५०-६० हजारांत होतं. ड्रेनेजच्या कामाआधी सोसायटीची परवानगी घ्या.

यजमानांचा खर्च टाळण्याचा सल्ला बरोबर आहे, कारण मात्र चुकीचं आहे. ‘दोन-तीन वर्षांत’ हे मुंबईतल्या प्रत्येक जुन्या इमारतीत ऐकू येतं. अजून सल्लागार नाही. मग व्यवहार्यता अहवाल, निविदा, विकासकाची निवड, करारनामा, महापालिकेच्या परवानग्या, आणि शेवटपर्यंत सही न करणारे दोन सभासद. सात-आठ पावसाळे याच घरात काढायचे आहेत असं धरून चला. रिडेव्हलपमेंट होईल तेव्हा होईल, तिच्या भरवशावर या जूनमध्ये विम्याशिवाय राहू नका.

विमा घेतलात की दुसऱ्याच दिवशी मोबाइलवर घरभर व्हिडिओ काढा, कपाटं उघडून, आणि बिलांचे फोटो मुलाच्या मोबाइलवरही ठेवा. पाणी आलंच तर कंपनीला लगेच कळवा आणि नुकसान तपासणारा सर्व्हेअर बघून जाईपर्यंत भिजलेल्या गाद्या, बंद पडलेला फ्रिज भंगारवाल्याला देऊ नका. घर साफ करायच्या घाईत लोक पुरावाच टाकून देतात. तुमच्या यादीत चारचाकीचा विमा फक्त थर्ड पार्टी दिसतो. पाण्यात बुडालेल्या गाडीला त्यातून काही मिळत नाही. सर्वसमावेशक घ्या, इंजिन संरक्षणाच्या जोडकलमासह, आणि पाण्यात बंद पडलेली गाडी चालू करून बघू नका.

आता ती आपत्तीसाठीची पॉलिसी. कागदावर वर्षाला १ लाख २० हजार, दहा वर्षं, म्हणजे १२ लाख भरायचे आणि पंधराव्या वर्षाअखेर १९ लाख घ्यायचे. परतावा साडेचार टक्क्यांच्या आसपास पडतो, तुमच्या एफडीपेक्षा कमी. आणि आपत्ती पंधरा वर्षं थांबणार नाही. मधेच पैसे काढलेत तर भरलेलेही पूर्ण परत येणार नाहीत. शिक्षिकेच्या घरी पुराची भीती घालून असं काही विकणाऱ्या माणसाची ओळख ठेवू नका. आपत्तीचा निधी म्हणजे तीन-चार महिन्यांचा खर्च, तुमच्या बाबतीत दोन लाख, जी एफडी फोनवरून मोडता येते तिच्यात. ती तुमच्याकडे आहेच, म्हणून तर मोडू नका म्हटलं. शिवाय १५-२० हजार रोख, माळ्यावर, प्लॅस्टिकच्या पिशवीत, कारण २००५ मध्ये आधी वीज गेली आणि फोन बंद पडले.

पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती रद्द करता येते. किरकोळ कपात होऊन पैसे परत मिळतात. तुमचा एकच आठवडा झाला आहे. एजंटला फोन करू नका, तो समजूत काढायला घरी येईल. विमा कंपनीच्या शाखेत स्वतः जा, रद्द करण्याचा अर्ज द्या आणि प्रतीवर तारखेचा शिक्का घेऊनच बाहेर पडा.