वाचकांचे प्रश्न : जुने प्रात्यक्षिक, नवी आवृत्ती

प्रश्न : मी सोलापुरातील एका महाविद्यालयात गणित शिकवते. जॅकार्ड मागावर चादरीची नक्षी कशी उतरते, हे शून्य आणि एकच्या मॅट्रिक्समधून दाखवणारे प्रात्यक्षिक मी २०१८ साली सेजमॅथ या गणितासाठीच्या संगणकप्रणालीत तयार केले. यंदा प्रयोगशाळेत नवी आवृत्ती बसवताच ते बंद पडले. नव्या सुविधांच्या हौसेपायी आमचे काम का मोडले जाते?

उत्तर : आपण पाठवलेला प्रोग्रॅम मी चालवून पाहिला. नक्षीचा अर्धा भाग आरशातल्यासारखा उलटा जोडण्यासाठी आपण दोन ‘रेंज’, म्हणजे क्रमाने येणाऱ्या संख्यांच्या माळा, अधिकच्या चिन्हाने जोडल्या आहेत आणि गाडी तिथेच अडते. सेजमॅथ पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेवर उभे आहे. तिच्या जुन्या आवृत्तीत, पायथन २ मध्ये, ‘रेंज’ थेट यादी देत असे. पायथन ३ मध्ये ती यादी देत नाही, त्यामुळे बेरीज होत नाही. दोन्ही रेंज ‘लिस्ट’च्या कंसात घातल्या की नक्षी पुन्हा जुळते.

हा बदल हौसेचा नव्हता. पायथन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० रोजी थांबली, आणि ज्या पायावर सेजमॅथ उभे आहे तोच पाया दुरुस्तीविना राहणार असेल, तर जागच्या जागी थांबण्याला स्थैर्य म्हणता येत नाही. म्हणून ९.० ही आवृत्ती पायथन ३ वर आली. मॅक्झिमा, पारी, गॅप हे सेजमॅथचे इतर घटकही आपापल्या गतीने बदलत असतात.

तरीही आपली तक्रार मला रास्त वाटते. एखादे फंक्शन काढून टाकायचे असल्यास ते किमान एक वर्ष तशा सूचनेसह चालू ठेवावे, असा सेजमॅथचा नियम आहे आणि तो चांगला आहे. पण मधल्या आवृत्त्या वगळून एकदम पुढे जाणाऱ्या प्रयोगशाळेला ती सूचना कधी दिसतच नाही. अशा शिक्षकांचा विचार नव्या सुविधांच्या आधी व्हायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. अपवाद एकच : फंक्शन चुकीचे उत्तर देत असेल, तर ते ताबडतोब सुधारावे, मग कोणाचा जुना प्रोग्रॅम अडला तरी चालेल.

आपण वर्षारंभी एकच आवृत्ती ठरवून तिचा क्रमांक फाइलच्या पहिल्या ओळीत लिहावा आणि परीक्षेपर्यंत ती बदलू नये. सेजमॅथच्या दस्तऐवजातील उदाहरणे अपेक्षित उत्तरांसह लिहिलेली असतात आणि नवा बदल स्वीकारण्यापूर्वी ती चालवून पडताळली जातात. आपल्या नक्षीचे मॅट्रिक्सही तसेच उत्तरासह जपून ठेवावे आणि उन्हाळी सुट्टीत नव्या आवृत्तीवर आधी तेच चालवून पाहावे.